दर चौथा मंगळवार

प्रिय ठोंब्या,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, हे ठाऊक आहे. पण पाच वर्षांनी पत्र लिहायला बसलो आणि पाकिटावरचं तुझं भारदस्त नाव इथे लिहवेना. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, जुना फोन लागत नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. ईमेल तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. कागदाचं बरं असतं, एकदा पेटीत टाकला की हात घालून काढता येत नाही.

आधी माझी खबर. गुडघे कुरकुरतात, धंदा चालू आहे. खोली तीच, खाली झेरॉक्सवाला आणि वर आपण दोघं वेबसाइटी करायचो ती. खिडकीजवळची तुझी खुर्ची मी घेतली, कारण माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलं. आणि हसू नकोस, पण तुझा बाप सुधारला. पानाची मांडणी आता टेबलात, म्हणजे त्या जुन्या रकान्यांच्या तक्त्यात करत नाही, तुझ्या त्या नव्या जाळीत, ग्रिडमध्ये करतो. एखादी चौकट बरोब्बर मधोमध आणायला आपण किती उठाबशा काढायचो, आठवतं? आता दोन-तीन ओळींत काम होतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा चहा गार होईपर्यंत त्या चौकटीकडे नुसता बघत बसलो होतो.

तू नोकरी करतोस त्या कंपनीच्या ब्राउझरची नवी आवृत्ती दर चौथ्या मंगळवारी येते. त्या दिवशी सकाळी मी दुसरं काम हातात घेत नाही. काय काय नवं आलं त्याची यादी छापून घेतो आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मग कोणत्या ब्राउझरला काय येतं त्याचा तक्ता उघडतो. हिरवं म्हणजे येतं, लाल म्हणजे नाही. सगळे हिरवे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या पानात काही घालायचं नाही, हा हट्ट मात्र सुटलेला नाही. निम्मं डोक्यावरून जातं. करून बघतो, मोडतं, शिव्या घालतो, पुन्हा करतो. मध्ये एक नवं शिकलो. आपल्या धंद्यात बाहेरच्या चौकटीला पालक म्हणतात आणि आतलीला मूल. मुलाला पालकाकडून रंग, अक्षर सगळं आपसूक मिळायचं, पण मुलाच्या पोटात काय आहे ते बघून पालकाने वागायची सोयच नव्हती. आता ती आली आहे, आणि तुमच्याच गटाने ते काम केलं म्हणे. यावर मी काही बोलत नाही, तू डोळे फिरवशील.

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? मला चष्मेवाल्यांच्या पानाबद्दल लिहायचंय. तीन आठवडे खपून तू ते केलं होतंस. फ्रेमांचे फोटो कसे ऐटीत रांगेत बसले होते. त्यांना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरवर ते उघडून बघितलं, तर सगळे चष्मे एकाखाली एक, तळच लागेना. त्या ब्राउझरला ग्रिड येतच नव्हतं. मी तुला फोन करायला हवा होता. त्याऐवजी सकाळी आठला येऊन तुझं सगळं काढलं आणि माझं टेबल घातलं. दहाला तू आलास तेव्हा चष्मेवाले समोर बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो की हा पोरखेळ आहे, नव्याचे नऊ दिवस. तू खोलीची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि जिना उतरलास. तुला लांबची नोकरी लागल्याचं मला महिन्याने कळलं, तेही झेरॉक्सवाल्याकडून. तुझी आई असती तर तिने आपल्या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती. ती नव्हती, आणि मी पडलो तरी नाक वर धरून बसलो.

मग दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट कळली, आणि ती पोटात घेऊन फिरतोय. ब्राउझरला आधी विचारता येतं की बाबा रे, तुला ग्रिड येतं का? येत असेल तर ही नवी मांडणी घे, नसेल तर ही साधी राहू दे. तुझं जुनं पान मी ठेवून दिलं होतं. ते काढलं, त्यात हे आठ ओळींत लिहिलं. जुन्या ब्राउझरमध्ये साधं दिसलं, नव्यात तुझं, जसंच्या तसं. मला वाटलं, ही सोय मागाहून आली असेल. तारीख बघितली. त्या सकाळीही ती होती, मलाच माहीत नव्हती. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला माहीत नव्हती, आणि त्याने तुझ्या कामाला पोरखेळ म्हटलं. चुकलो रे बाळा. चष्मेवाल्यांकडे जाऊन त्यांनाही हे सांगितलं. ते म्हणाले, मला काय सांगता, त्याला सांगा. गेल्या वर्षापासून त्यांच्या साइटवर तुझंच पान आहे, आणि गिऱ्हाइकं कौतुक करतात तेव्हा ते तुझं नाव घेतात.

आता आज लिहायचं कारण. मंगळवारची ती यादी मी नव्या सोयींसाठी वाचत नाही. सोयी वाटेत लागतात म्हणून वाचतो. यादीच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, काम करणाऱ्यांची नावं असतात. त्यांत तुझं असतं, मधे माझ्या नावाचं अक्षर अजून ठेवलेलं. ते दिसलं की मला कळायचं, पोरगा आहे, कामावर जातोय, जेवतोय. गेले तीन मंगळवार ते नाही. पहिल्यांदा वाटलं, सुट्टीवर असशील. दुसऱ्यांदा माझी नजर चुकली असेल म्हणून झेरॉक्सवाल्याकडून यादी वाचून घेतली. काल बघितलं, तर तुझ्या नावावरची कामं दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेली आहेत. म्हणून आज कागद घेतला. नोकरी गेली असेल तर जाऊ दे. तू सोडली असशील तर त्याहून चांगलं, तुझ्या मनासारखं कर. आजारी असलास तर मात्र लपवू नकोस, मी निघून येतो, गुडघ्यांचं मी बघून घेईन. हे पत्र ऑफिसात ज्याच्या हाती पडेल त्याने तुला पोचवावं, अशी विनंती पाकिटावर मोठ्या अक्षरात केली आहे. एक ओळ पाठव, नाहीतर कुणाकडून निरोप दे. माझ्यावर रागावलेला राहिलास तरी चालेल. बरा मात्र अस.

तुझाच,
हट्टी बाबा