विहिरीकडे, जाळ्यांआड

आये, मी परदेशात मांजरी पोसून आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगावंसं वाटलं ते तुलाच. तू असतीस तर आधी हसली असतीस. तुझ्या वाटणीचं शेजारच्या काकीनं हसून घेतलं. "मांजरीच पोसायच्या व्हत्या तर मुरुडला काय कमी हायेत गो? आनि पगार पन न्हाय?" पगार नव्हता. विमानाचं तिकीटही माझंच.

स्कॉटलंडच्या डोंगरातली रानमांजरं ती. दिसायला आपल्या मांजरांसारखीच, शेपूट तेवढं जाड, काळ्या कड्यांचं. फार थोडी उरली आहेत, म्हणून मोठ्या पिंजऱ्यांत पिल्लं वाढवून रानात सोडतात. माझ्याकडे एक मादी होती. तिच्याशी बोलायचं नाही, तिला दिसायचं नाही, खाणं रोज निराळ्या जागी लपवायचं. माणसाकडे अन्न मिळतं हे तिला कळलं, तर सुटल्यावर ती वस्तीकडे येईल आणि मरेल. तिथलं काम पाहणाऱ्या बाई हे समजावत होत्या आणि मला विळीपाशी बसलेली तू दिसत होतीस.

तू बांगडे साफ करते आहेस. जरा लांब लाल मांजर. आज डोकं विहिरीकडे भिरकावतेस, उद्या जाळ्यांच्या ढिगाआड, परवा काहीच नाही. मी हातानं भरवायला जाते. "काय गो, तिची आईस झालीस? एका जागी दिलंस का तितंच बसून ऱ्हाणार ती. उद्या आपन नसलो तर?" मला तू निष्ठुर वाटतेस. मी कॉलेजसाठी मुंबईला निघाले त्या सकाळीही वाटलीस. एसटी स्टँडवर तू माशांची पाटी डोक्यावरून उतरवलीस, माझ्या पिशवीत सुक्या मांदेलीचा डबा कोंबलास. "मी थांबत न्हाय. बाजाराला उशीर व्हतोय. मागं बघू नको." आणि पाठ फिरवलीस.

उन्हाळा संपताना पिंजऱ्याचं दार उघडलं. बाई म्हणाल्या, "सरळ गाडीकडे चला, मागे पाहू नका." ती बाहेर पडेल का, पडली तर पोट भरेल का, कुणालाच ठाऊक नव्हतं. चालता चालता मी हातातली बादली खाली ठेवली आणि तशीच उभी राहिले. बादली रिकामीच होती. तिच्या गळ्यातल्या, माग सांगणाऱ्या रेडिओ-पट्ट्यावरून पुढे कळलं, ती ओढा ओलांडून लांब गेली. परत आली नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पाठवलं नसतं. समोर बसूनही सांगता आलं नसतं. त्या सकाळी मी बसमधून मागे पाहिलं होतं. बस वळेपर्यंत तू पाठमोरी उभी होतीस. पाटी खालीच होती.