अपांना न कळणारी चार गाणी

३ मे
कूलर बंद! चालू ठेवला की माईकमध्ये घरघर, बंद केला की आम्ही भाजून निघतो. वाळवंटातल्या टूसॉनचा मे! माझ्या अल्बमचं रेकॉर्डिंग मामेभावाच्या, रामिरोच्या गॅरेजात. पठ्ठ्या बनियनवर गिटार वाजवत होता. तरी दोन गाणी झाली. खूश आहे मी.

९ मे
सहा गाणी स्पॅनिश, चार इंग्रजी. चायो आत्या ऐकून म्हणाली, "बापाला साखर आणि गोऱ्यांना मिरची होय गं?" बरोबर ओळखलंन! स्पॅनिश गाण्यांत अपांचं, म्हणजे बाबांचं, अकॉर्डियन, आईच्या मैद्याच्या पोळ्या. आणि तिसरं, इंग्रजी — आईनं हॉस्पिटलात डोळे मिटले, तेव्हा अपा कुणाच्या तरी छपरावर डांबर ओतत होते. आलेच नाहीत! आठ वर्षं हा राग गिळून आहे. तोंडावर बोलायची छाती नाही. अपांचं इंग्रजी इथल्या चाळीस वर्षांत "यस सर"च्या पुढे गेलेलं नाही. त्यांना हे कधी कळता कामा नये. म्हातारा मोडून पडेल.

१० मे
रेकॉर्डिंग नाही. रामिरोच्या बायकोनं हाकललं — तिला गाडी आत लावायची होती!

२१ मे
झाला! अल्बम पुरा झाला! अंगणात मांस भाजलं, सगळी स्पॅनिश गाणी लावली. अपा आत्याबरोबर नाचले. "आवाज आईचा, थोबाड माझं. गरीब बिचारी पोर!" म्हणाले. मी हसून हसून बेजार.

मग ट्रकमध्ये लावायला सीडी मागितली. मी सहाच गाण्यांची देत होते. "अर्धं ताट वाढतेस होय?"
"अहो अपा, इंग्रजी तुम्हाला काय कळणार?"
"तुझा आवाज तर कळेल ना!"
त्यात तिसरं गाणंही जाणार! पण नाही कसं म्हणू? दिली सगळी.

२४ मे
आत्याचा फोन. "तुझा बाप रोज संध्याकाळी दारातल्या ट्रकमध्ये बसून गाणी ऐकतो. फुकट पेट्रोल जाळतोय येडा!" पोळ्यांचं गाणं असणार. जीव भांड्यात पडला.

२६ मे
अपांचा फोन. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी इंग्रजीत बोलले. सावकाश, पण एकही शब्द न चुकता. "तिसरं गाणं चांगलं झालंय. फक्त, मी छपरावर नव्हतो. हॉस्पिटलच्या खालीच होतो, ट्रकमध्ये. दुपारभर. वर यायला पाय उचलेनात."
मग स्पॅनिशमध्ये, "जेवलीस का, पोरी?"