चार ठोक्यांचा चरा

प्रिय धाकट्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘वहिनी, निळ्या कव्हरात भलतीच रेकॉर्ड निघाली, खरी कुठे आहे, अर्जंट.’ आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं. अरे, एवढे हात तू स्वतःच्या लग्नातसुद्धा जोडले नव्हतेस. मेसेजला मेसेजनंच उत्तर दिलं असतं, पण तू फोनवरचं अर्धं वाचतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. आणि अक्षर लागत नाही ही सबब सांगू नकोस, गावच्या शाळेत सातवीपर्यंत पट्टीचा मार खाऊन वळवलेलं अक्षर आहे माझं.

आधी एक सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. रेकॉर्ड फुटलेली नाही, हरवलेली नाही. माझ्याच कपाटात आहे, पांघरुणांच्या घडीत. आणि कव्हरात जी निघाली ना, टायपिंग शिकवायची, ती मीच घातली. तुझ्या त्या क्लबातल्या, काचेच्या कपाटवाल्या साहेबांनी म्हणे पाहुण्यांना बसवून, दिवे मंद करून ती लावली, आणि आतून बाई बोलायला लागली, डावी करंगळी, उजवी करंगळी, पुन्हा डावी करंगळी. घरी तुझा मेसेज वाचून हे आठवलं तेव्हा मी इतकी हसले की ठसका लागला. पाणी द्यायला घरात कुणी नाही हे ठसका थांबल्यावर लक्षात आलं. मग नाही हसले.

तुला आठवतं, मी लग्न होऊन आले आणि तुम्ही दोघा भावांनी मला पहिल्यांदा हॉलवर नेलंत? कामगारांचा तो वरच्या मजल्यावरचा हॉल, लाकडी जमीन, रविवारी दुपारी तीन ते सात. जिन्यातच मला तो आवाज ऐकू आला, धम धम धम धम, आणि मी यांना विचारलं, इथे पिठाची गिरणी आहे का? तू जिन्यावर बसून हसलास. पुढे वर्षभर मला ‘गिरणीवाली’ म्हणत होतास. हे मात्र हसले नाहीत. मला टेबलामागे नेलं, त्या दोन फिरत्या ताटल्या दाखवल्या आणि म्हणाले, एकीवरचं गाणं संपायच्या आत दुसरीवरचं त्याच ठोक्यात मिसळायचं, नाचणाऱ्याच्या पायाला कळता कामा नये. टेबल त्यांनी सायकलच्या ट्यूबवर टांगलं होतं, कारण माणसं नाचली की जमीन हलायची आणि सुई उडायची. मी म्हटलं, एवढी अडचण होते तर नाचू कशाला देता? तेव्हा मात्र हे हसले.

त्या हॉलमध्ये कोण नव्हतं, सांग. ड्यूटी संपवून त्याच कपड्यांत येणाऱ्या नर्सा, बसचे ड्रायव्हर, शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका, आणि तो बहिरा वेल्डर. त्याला एक अक्षर ऐकू यायचं नाही, पण बूट काढून मोज्यांवर नाचायचा, आणि एकाही ठोक्याला चुकायचा नाही. मी एकदा खुणेनं विचारलं, कसं? तर त्यानं माझा हात धरून जमिनीला लावला. त्या दिवसापासून ती गिरणी मला आवडायला लागली.

आता त्या चऱ्याचं. एकोणीस वर्षं झाली, आपण दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलते. हे गोदामातल्या कामाला गेले होते, तू घरी ताटल्यांवर हात बसवत होतास. हात कसले, खिडकीत उभं राहून समोरच्या गच्चीतल्या मुलीला दाखवत होतास, कसा मी मोठा डीजे! बाही अडकली आणि सुई खर्रकन आडवी गेली. तीही नेमकी त्यांच्या निळ्या रेकॉर्डवर, जी मिळवायला त्यांनी तीन शहरं पालथी घातली होती. बावीस वर्षांचा घोडा तू, जमिनीवर बसून रडलास. म्हणालास, वहिनी, दादा मला परत टेबलाला हात लावू देणार नाही. मी म्हटलं, ऊठ, नाक पूस. संध्याकाळी मी यांना सांगितलं, पुसताना माझ्या हातून झालं. तू भिंतीला टेकून उभा होतास, नखं खात. एक शब्द बोलला नाहीस. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठ दिवस, धाकट्या. नव्या घरात, दुसरं माणूस नाही, आणि तू तर माझ्याकडे बघायचासही नाहीस. तेव्हा मी ते कोवळं वय म्हणून सोडून दिलं.

आणि मग तो रविवार. यांनी ती रेकॉर्ड तशीच लावली, हट्टानं. चऱ्यावर येऊन सुई अडकली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पण नशीब बघ, रेकॉर्डचा एक फेरा म्हणजे बरोबर चार ठोके. हे म्हणायचे, हजारात एखादीचं असं जुळतं. गाणं अडकलं तरी नाच अडकला नाही. शंभर माणसं त्या चार ठोक्यांत गोल गोल फिरत राहिली. कुणाला थांबावंसं वाटेना. शेवटी वेल्डरनं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं, पाय उचलला, त्याचं बघून सगळ्यांनी उचलला, आणि धाडकन एक थाप! टेबल हललं, सुई चऱ्यावरून पुढे उडाली आणि गाणं सुटलं. काय ओरडले सगळे! त्या दिवसापासून दर रविवारी ते गाणं शेवटचं. अडकायचं, किती वेळ अडकून राहायचं ते हॉलनं ठरवायचं, आणि सगळ्यांनी एकदम थाप द्यायची. पाच जणांच्या थापेनं सुई हलायची नाही, ट्यूबा होत्या ना. अख्खा हॉल लागायचा. नवरा-बायको भांडून आलेले असले तरी थापेला एकत्र पाय उचलायचे, कारण त्याशिवाय कुणालाच पुढे जाता यायचं नाही.

मशीनशी माझं वाकडं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणशील म्हातारी जुन्याला कवटाळून बसली. रेकॉर्डच्या त्या पेट्या उचलूनच यांची पाठ गेली. शेवटच्या वर्षी तू तो बोटाएवढा पेन ड्राइव्ह आणून दाखवलास तेव्हा हे अंथरुणातून म्हणाले, हे वीस वर्षांपूर्वी असतं तर मी ताठ चाललो असतो. आणि हॉलमधली ती धाकटी नर्स, वसतिगृहाच्या खोलीत लॅपटॉपवर स्वतःची गाणी करते, चांगली करते. तिला रेकॉर्ड छापून कुणी दिली असती? जे आलं ते चांगल्यासाठीच आलं. तुझ्या हातात येऊन ते काय झालं, तेवढंच माझं दुखणं.

हे गेल्यावर सहा महिन्यांनी तू आलास. वहिनी, घरात ओल आहे, रेकॉर्डना बुरशी लागेल, मी सगळ्या फायलींत भरून घेतो. मला बरं वाटलं. दोन महिने रोज दुपारी तू येत होतास. मी एकेक रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसून द्यायची, बाजू उलटायची, चहा ठेवायची. कव्हरांवर यांनी पेन्सिलीनं काय काय लिहून ठेवलं होतं, ते मी तुला वाचून दाखवायची. ‘या गाण्यावर ड्रायव्हरनं नर्सला मागणी घातली, ती नाही म्हणाली.’ पुढच्याच रेकॉर्डवर, ‘हो म्हणाली.’ आपण हसायचो. यांच्यानंतर त्या घरात तेवढंच काय ते हसू झालं. मग भरून झाल्यावर म्हणालास, अकराच्या अकरा पेट्या माझ्या मित्राच्या कोरड्या खोलीत ठेवतो, दादाची शपथ, म्हणशील तेव्हा आणून देईन. मी मान हलवली. पण पेट्या जायच्या आदल्या दिवशी माझं मन होईना. एक तरी घरात राहू दे म्हणून ती निळी काढून घेतली, आणि कव्हर रिकामं लागू नये म्हणून टायपिंगवाली घातली. संशय नव्हता रे. असता तर अकरा पेट्या दिल्या असत्या का? नुसती लबाडी, तुझ्या वहिनीची नेहमीची.

पहिला धक्का हॉलवर बसला. तू लॅपटॉप घेऊन उभा होतास, ती टोपी घालून. टोपी तुला शोभत नाही, हे जाता जाता. शेवटी निळं गाणं आलं. सगळे हसत हसत मध्ये सरकले. चऱ्याची जागा आली, वेल्डरनं पाय उचलला, सगळ्यांनी उचलला आणि दिली थाप. आणि गाणं आपलं पुढे चाललेलं. ते अडकलंच नव्हतं. तू चरा पुसून टाकला होतास, लॅपटॉपवर, मला न सांगता. शंभर माणसांनी जमीन हादरवली आणि गाण्याला त्याची खबरसुद्धा नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि वेल्डर, त्याला वाटलं चूक आपली झाली. तो आपल्या मोज्यांकडे बघत बसला, मग कोपऱ्यात जाऊन बूट घालायला लागला. मी तुझ्याजवळ आले तर म्हणालास, क्लीन केलं वहिनी, आता कसं स्वच्छ ऐकू येतं बघ!

स्वच्छ. तुझ्या हातून झालेली एकच गोष्ट, जी मी माझ्या अंगावर घेतली, यांनी वागवली आणि शंभर जणांनी मिळून तिचा आनंद केला, ती तू एका बटणानं धुऊन टाकलीस. कोणाच्या समाधानासाठी?

दुसरा धक्का हॉलच्या तिकीटवालीनं दिला. भाचीबरोबर ती त्या मोठ्या क्लबात गेली होती. मला येऊन म्हणाली, अगं, तुझ्या ह्यांचं अक्षर काचेत ठेवलंय. मला वाटलं, तिचा चष्मा बदलायला झाला. खात्री करायला परवा मी स्वतः गेले, ठेवणीतले कपडे घालून. साहेब माणूस चांगला आहे. खुर्ची दिली, टायपिंगवालीची गोष्ट त्यांनीच सांगितली, स्वतःवरच हसत. अकरा पेट्या, काचेमागे, वर दिवे. हात लावायला मनाई. मी विचारलं, वाजवता का? म्हणाले, पाहुण्यांसाठी ती एकदाच लावली, एरवी नाही, खराब होतील. मग अगदी आदरानं म्हणाले, तुमचे दीर बोलले मला, वहिनींना घरात त्यांची अडगळ झाली होती, त्यांनीच देऊन टाका म्हणून सांगितलं. बदल्यात त्यांना दर शुक्रवारी इथे गाणी लावायला टेबल हवं होतं, ते आम्ही दिलं.

धाकट्या, तू रेकॉर्ड दिल्यास, ते मला एक वेळ सोसलं असतं. टेबलाचा लोभ तुझा जुनाच. पण माझ्या तोंडी ते वाक्य घातलंस. अडगळ. पुन्हा एकदा करणारा तू आणि नाव माझं. या वेळी मला विचारलंसुद्धा नाहीस, घेतेस का अंगावर म्हणून. मी तिथे काय केलं असेल असं तुला वाटतं? मी गप्प बसले. सवयीनं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय.

निघताना साहेबांनी निळं कव्हर पुढे केलं, आतलं पेन्सिलीचं अक्षर लागत नाही, वाचून दाखवाल का म्हणून. कव्हराच्या आत कोण बघतं? मीही एकोणीस वर्षांत बघितलं नव्हतं. आत चिकटपट्टीनं एक बटण लावलेलं आहे, करड्या रंगाचं, तुझ्या त्या शर्टाचं, ज्याला नंतर मीच दुसरं बटण लावून दिलं होतं. ताटलीखाली सापडलं असणार यांना. आणि खाली लिहिलंय, ‘चरा धाकट्याचा. ही आपल्यावर घेते आहे. आठ दिवस रुसलो, आज नवव्या दिवशी हे सापडलं. दोघांना वाटतं मला माहीत नाही. धाकटा एक दिवस आपणहून सांगेल. तोवर वाजवत राहू.’ साहेबांना मी म्हटलं, घरचा हिशेब आहे, तुमच्या कामाचा नाही. तर त्यांनी कव्हर मला देऊन टाकलं.

म्हणजे हे शेवटपर्यंत वाट बघत होते. दवाखान्यात तू त्यांचे पाय चेपत बसायचास तेव्हाही, दर वेळी तू घसा खाकरलास की हे डोळे उघडायचे. मला वाटायचं, पाणी हवंय.

म्हणून हे पत्र. ताटल्या माझ्याकडेच आहेत, टेबलाला नव्या ट्यूबा धाकट्या नर्सनं बांधून दिल्यात. या रविवारी निळी रेकॉर्ड मी स्वतः लावणार, तीन वाजता, पहिली. तू टेबलामागे यायचं नाहीस, खाली जमिनीवर उभं राहायचं. चऱ्यावर सुई अडकेल. तेव्हा चरा कोणाचा आणि अडगळ कोण म्हणालं, हे दोन्ही मोठ्यानं सांगायचं आणि मग पहिली थाप तू द्यायचीस. माफ केलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. वेल्डरला मी खुणेनं समजावलंय, बाकीच्यांना तोंडानं. तुझा पाय उठल्याशिवाय कुणाचाही उठणार नाही. तू आला नाहीस तर आम्ही त्याच चार ठोक्यांत फिरत राहू. हॉल सातला बंद होतो.

तुझीच, अजून तरी,
गिरणीवाली वहिनी