बियरचं मशीन मी निवडलं, अण्णा

अण्णा, मी बियर बनवायचं मशीन घेतलं. मागच्या खोलीत, जिथे तुमचं हत्यारांचं कपाट होतं, तिथेच ठेवलंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण इतका राग काढायला दुसरं कुणी नाही. मी आता छप्पन्न वर्षांची आहे. कॉलेजात तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, गेल्या वर्षी आपणहून नोकरी सोडली. आई आणि आम्ही दोघं तुमच्याच घरात राहतो. आणि तुम्ही ज्या गोष्टीचं नाव घरात काढू देत नव्हता, रस्त्यात दुकान दिसलं तरी मान फिरवत होता, ती गोष्ट मी स्वतःच्या हाताने करायला निघाले आहे.

सुरुवात बंगळूरला झाली. तुमची नात तिथे नोकरी करते. तिच्या शेजारची एक मुलगी घरी बियर करते हे कळलं, तेव्हा मी एक अख्खा दिवस तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. दुधाच्या मोठ्या कॅनएवढं एक स्टीलचं भांडं, तळाला हीटर, आत भोकाभोकांची जाळी, बाजूला छोटा पंप. मोड आणून वाळवलेले सातू जाडसर भरडून त्या जाळीत घालायचे, पाणी सहासष्ट-सदुसष्ट अंशांवर तासभर धरून ठेवायचं, पंपाने ते सारखं खालून वर फिरवत राहायचं. दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग जाळी उचलून निथळायची आणि खालचं गोड पाणी त्याच भांड्यात कडवट फुलं घालून उकळायचं. सगळं एकाच भांड्यात. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते, अण्णा. स्टार्च, एन्झाइम, तापमान, बाण काढून पुढे माल्टोज. फळ्याला वास नसतो. त्या दिवशी तो वास आला आणि मी त्या मुलीच्या हातातला डाव काढूनच घेतला.

नाशिकला परत आल्यावर महिनाभर मी वही घेऊन बसले होते. किती लिटरचं घ्यावं, हीटर उघडा असलेलं की पत्र्याखाली झाकलेलं, आपल्या घराची वायरिंग किती भार सोसेल, पंपात भुसा अडकला तर तो कोण उघडणार. उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयातही परवान्यासाठी जाऊन आले. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "घरी? कशासाठी?" मी म्हटलं, "प्यायला." त्या हसल्या आणि अर्ज ठेवून घेतला. या सगळ्यात आईला मी काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी समोर बसून वहीत दोन मशीनांचे आकडे शेजारी शेजारी मांडत होते. तिने विचारलं, मी सांगितलं. तिने मेथीची दोन-तीन देठं खुडली आणि खाली बघतच म्हणाली, "ते मनमाडला नव्हते गेले."

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"तुझे अण्णा. बारावीनंतर. मनमाडला मयतीला जातो म्हणून गेले ना, ते तुझ्या कॉलेजला गेले व्हते. तुझं नाव लागलं व्हतं. पत्र त्यांच्याच हातात पडलं. जाऊन नाव काढून आले."

तिचं बोलणं अजून सायखेड्याचं आहे, तुम्ही चाळीस वर्षं सुधारून सुधारलं नाही. मी विचारलं, का. ती म्हणाली, "कारखान्याच्या बसमधी कुणीतरी हसलं म्हने. फोरमनची पोरगी दारूच्या भट्टीत शिकायला चालली. घरी आले ते जेवले बी नाय."

अण्णा, मला वाटलं होतं की काहीतरी मोठं कारण असेल. आपल्या घरात कुणी दारूपायी गेलं असेल आणि ते मला माहीत नसेल, असं काहीतरी. मी आईला खोदून खोदून विचारलं. नाही. कुणीही नाही. ओझरच्या तुमच्या कारखान्यातून सुटलेल्या बसमध्ये कुणीतरी एक वाक्य बोललं, चार माणसं हसली, आणि तुम्ही रजा टाकून, एसटी बदलत बदलत दुसऱ्या शहरात गेलात आणि पालक म्हणून सही करून माझं नाव खोडून आलात. मी अर्ज केला होता तो किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या शास्त्राच्या अभ्यासक्रमाला. किण्वन म्हणजे काय हे तुम्ही मला एकदा तरी विचारलंत? इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही म्हणून मी ते तुमच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि दर तासाला पातेल्यावर खडूने रेघ मारायचे, तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होतात की. मग त्याच पोरीने तेच शिकायला जावं म्हटलं, तर बसमधली चार माणसं तुम्हाला जड झाली?

आणि मला येऊन काय सांगितलंत? "नाव लागलं नाही. स्पर्धा फार आहे." शेजारी आई उभी होती, तीही गप्प. मी आईवर ओरडले त्या दुपारी. ऐंशीच्या बाईवर ओरडले. ती म्हणाली, "मी काय बोलणार व्हते?" आणि मेथीचं ताट उचलून आत गेली. त्याचं मला वाईट वाटतंय, पण तेही तुमच्याच खात्यावर घाला.

नाव काढून आलात त्याच आठवड्यात तुम्ही मला सायकल आणलीत. हिरवी, पुढे जाळीची बास्केट असलेली. कारखान्यात कुणाकडून तरी ब्रेक नीट बसवून आणले होते. मी ती मैत्रिणींना दाखवत फिरले. सांगितलं, नाव लागलं नाही म्हणून मी रडले ना, म्हणून अण्णांनी घेतली. माझे वडील असे आहेत. तुम्ही ओट्यावर उभे राहून हे ऐकत होतात, हसत होतात. अडतीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगत आले. वर्गात सांगितली. तुमच्या तेराव्याला सांगितली, सगळे रडले. आता ती गोष्ट आठवली की अंगाची आग होते.

दोन दिवस मी वही उघडली नाही. वाटलं, कशाला हे आता, या वयात. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि तुमच्या जावयांना म्हटलं, "चला अंबडला, मशीन बघायचं." अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक जण स्टीलची भांडी घडवतो, अशी मशीनंही करतो. त्याने दोन मांडून ठेवली होती, एक मोठं, एक लहान. आणि बोलत होता तो जावयांशी. "साहेब, मोठंच घ्या. उद्या मित्र वाढतील." हे म्हणाले, "मला काय विचारता, मशीन त्यांचं आहे." मग तो माझ्याकडे वळून हसला, लहान मुलीकडे बघून हसतात तसा.

मी म्हटलं, दोन्हींत पाणी भरा आणि चालू करा. त्याला वाटलं गंमत करते आहे. मी पिशवीतून प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढला. दोन्ही मशीनांच्या पट्टीवर सहासष्ट आलं तेव्हा वरच्या पाण्यात माझा थर्मामीटर एकसष्ट दाखवत होता. पंप सुरू केला. लहानातलं पाणी दहा मिनिटांत वरखाली सारखं झालं, मोठ्यातलं चार अंशांनी मागेच राहिलं. मोठ्याच्या तळाला हीटरची उघडी गुंडाळी होती. विचारलं, त्यावर साखर चिकटून जळली तर घासायची कशी? हात आत जात नाही. "भिजलेल्या दाण्यांची जाळी भरल्यावर वजन किती होतं?" त्याला सांगता येईना. "तुम्ही कधी उचललीये?" माझा खांदा दुखतो, अण्णा, मला ती एकटीने उचलता आली पाहिजे. लहानातला पंप चार स्क्रूंत उघडत होता. मी तिथेच उघडून, बघून, परत बसवला. आणि मग सांध्यावरून, आतल्या बाजूने, नख फिरवलं. वेल्डिंग कुठे खरखरीत आहे का बघायला. ते मला कुणी शिकवलं? मिक्सर घ्यायला गेलो तेव्हा तुम्ही खिशातून पान्हा काढून दुकानदाराच्या देखत तो उलटा करून उघडला होता. दुकानदार ओरडत होता आणि तुम्ही मला म्हणत होतात, "इथे बोट लाव. लागतं का काही?" मी नऊ वर्षांची होते. त्या अंबडच्या शेडमध्ये मला माझ्याच बोटाचा राग आला. पण सांधा गुळगुळीत होता. "हे द्या," मी म्हटलं.

रविवारी पहिल्यांदा लावलं. परवान्याचा कागद अजून हातात नाही, त्यामुळे यीस्ट घातलं नाही. नुसतं दाणे शिजवून, उकळून, मशीन कसं चालतं ते बघायचं ठरवलं होतं. जावयांनी गीझरच्या पॉइंटवरून जाड वायर ओढून दिली. तासाभराने वास घरभर पसरला. आई भिंतीला धरत मागच्या खोलीत आली. आठ दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो.

"हे तर सातूच्या पिठावानी वासतंय," ती म्हणाली.

"सातूच आहे, आई."

"आन् दारू?"

"अजून नाही. अजून नुसतं गोड पाणी आहे."

वाटीत थोडं काढून, गार करून दिलं. तिने फुंकर मारत घोट घेतला, मग सगळं प्यायली. "लय गोड हाय," म्हणाली. मग रिकामी वाटी घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय ते?" मी तिच्या शेजारी बसले. हो, एवढंच होतं. तुमच्या बसमध्ये हे कुणालाही सांगता आलं असतं. तुम्हाला सांगता आलं असतं, जर आधी मला विचारलं असतंत. जाळी मी एकटीने उचलली, हेही कळवते. खांदा दुखला, पण उचलली.

हे पत्र मी जाळणार नाही आणि गोदावरीतही सोडणार नाही, असले प्रकार मला जमत नाहीत. घडी घालून मशीनच्या वहीत ठेवीन. तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि मेलेल्या माणसाला माफ करावंच लागतं हेही मला पटत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, जे मी आईला, जावयांना, कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही दारात चपला काढत "नाव लागलं नाही" म्हणालात, तेव्हा रडायच्या आधी एक क्षण मला हायसं वाटलं होतं. परकं शहर, होस्टेल, वर्गात मी एकटीच मुलगी असणार म्हणून मी आठवडाभर घाबरलेली होते. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तुम्हाला ते दिसलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही.