न बिघडणारी पेटी

बीबी, माघ

प्रिय कोकिळा,

मागच्याच्या मागच्या दिवाळीत मळ्यातल्या विहिरीवर तू बसवून गेलेली पेटी ठणठणीत आहे. दुर्दैवानं. त्यानंतर दुसरी दिवाळी गेली, तू परीक्षा-परीक्षा करत कॉलेजातच राहिलीस. पेटीनं मात्र एक दिवस सुट्टी घेतली नाही. शेजारच्या मळ्यातला किसनराव येऊन विचारतो, यात कॉम्प्युटर आहे तर टीव्हीसारखा पडदा कुठंय? मी तुझंच ज्ञान त्याला ऐकवतो: हा कॉम्प्युटर मिरवत नाही, यंत्राच्या पोटात बसून जन्मभर एकच काम करतो. विजेची लाईन आलेली ओळखायची, विहिरीत पाणी आहे का बघायचं, मोटार चालू करायची. पाणी तळाला गेलं की बंद. हातातल्या घड्याळात, कपडे धुण्याच्या यंत्रातही असेच बसलेले असतात म्हटलं. तो म्हणाला, म्हणजे घरातल्या सुनेसारखंच की.

आता खरी अडचण ऐक. लाईन रात्री कधीही येते, म्हणून मी, किसनराव आणि रंगराव वर्षानुवर्षं मळ्यात जागत आलो. हे कष्ट आम्ही रमी खेळत सोसले, एवढंच तुझ्या आईला सांगायचं राहून गेलं. पेटी बसली त्या दिवशी मी जेवून बॅटरी उचलली, तर आई म्हणाली, "आता काऊन जाता? पेटी हाय ना." पन्नाशीच्या कर्त्या माणसानं बॅटरी परत खुंटीला अडकवली. दोघांत रमी रंगत नाही, म्हणून ते दोघं माझ्या नावानं बोटं मोडतात. त्यात किसनरावाच्या घरच्या अन्नपूर्णावहिनी अशीच पेटी आपल्या विहिरीवर हवी म्हणून गेल्या, तेव्हापासून किसनरावाचा चेहरा बघवत नाही. पेटी अवकाळी पावसात भिजली, उंदरांनी तिच्यात संसार केला, रंगरावानं सहज म्हणून काठीनं ठोकून पाहिली. मोटार आपली वेळेवर चालू.

म्हणून आज गुपचूप लिहायला बसलो, की बाई, तिला निदान शनिवारी तरी बिघडायला शिकव. तेवढ्यात आईनं भाकरी थापता थापता विचारलं, काय लिहिता? म्हटलं, पेटीचं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तिले विचारा, एवढं पक्कं कायले बनवलं? बिघडलं असतं, त पोर आली असती दुरुस्त कराले." तेव्हा रमीचं राहू दे. पेटी बिघडली आहे, असं आम्ही दोघांनी आत्ताच ठरवलंय. मिळेल त्या एसटीनं निघ.

तुझाच,
बाबा