देवराईतला उजवा कौल

मी, बाबली सगुण परब, वय ६९, खाणीच्या वजनकाट्यावरचा निवृत्त कारकून, राहणार सुर्ला, तालुका डिचोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

१. गोव्याच्या कायद्याने माझ्या मालमत्तेच्या अर्ध्या भागापुरतेच मला बोलता येते. उरलेला अर्धा गौरवी आणि प्रज्योत या मुलांचा आहेच. माझ्या हातातला अर्धा भाग, घरासकट, गौरवीला द्यावा. प्रज्योतने रुसू नये. दहा वर्षांत तो चतुर्थीलासुद्धा दोनदाच आला.

२. पक्ष्यांच्या नोंदींच्या सात वह्याही गौरवीच्या. त्यांतल्या सफरींच्या यादीतून मोपाच्या सड्यावरची सफर खोडावी, तिथे विमानतळ यायचा आहे.

३. माझी दुर्बीण शंभू लाडू गावस याला द्यावी. तो मूळचा पेडण्याचा, खाणीवर टिपर चालवायचा. बेडूकतोंड्या हा रात्रीचा पक्षी आमच्या देवराईत आहे हे पिसावरून त्यानेच ओळखले. देवाला विचारल्याशिवाय राईत कोणी शिरत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो फेरीवर होता, म्हणून दोघांसाठी कौल मी एकट्याने घेतला. देवाला लावलेली पाकळी उजवी पडली, म्हणजे होकार. मी त्याला डावी, म्हणजे नकार, सांगितली, कारण पक्षी आधी मला बघायचा होता. मी गेलो, पाहिला. ते कळल्यावर, देवाचा शब्द मोडला म्हणून शंभूने माझ्याशी बोलणे टाकले, आणि स्वतः आजवर राईत पाऊल ठेवले नाही. मला लाज वाटते. तोंडाने सांगवले नसते, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे.

४. त्याच्यासाठी सफरीचा आराखडा: फेब्रुवारीत, उजाडताना. चपला राईच्या वेशीवरच्या दगडाशी काढाव्यात. झरीच्या डावीकडे वेलींचा गुंता आहे. खाली पांढरी विष्ठा दिसली की वर बघावे. पक्षी शोधू नये, सुके पान शोधावे. जोडी एकमेकांना चिकटून बसते आणि दिवसभर हलत नाही.

पुरवणी: वरील मजकूर नोटरींनी मोठ्याने वाचला. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, असेही ते म्हणाले. मला हे ठाऊक नव्हते.

"सत्तावीस वर्सां माका वाटला, देवानच माका नाय म्हटल्यान," शंभू म्हणाला. मग पेन मागितले. "दुर्बीण नको माका. सही करतंय. आयतारा येतंय, वाट तू दाखव."

"माजे गुडघे..."

"हळू चलया."

सबब कलम ३ मधील दान आणि कलम ४ रद्द. कबुली तशीच ठेवावी. दुर्बीण माझ्यामागे गौरवीला जाईल. येत्या रविवारी ती शंभूच्या गळ्यात असेल. कौल पुन्हा घ्यायचा ठरले आहे. या खेपेस पाकळी शंभू बघेल, मी देवळाबाहेर थांबेन, आणि तो डावी म्हणाला तर डावी.

बाबली सगुण परब (सही)

साक्षीदार: शंभू लाडू गावस (सही), किरण दादू माईणकर (सही)

डिचोली, गुरुवार, ११ फेब्रुवारी २०१६