कपाटाची कोरी पाठ

अब्बा, मागच्या शुक्रवारी तुमचं कपाट भिंतीपासून ओढलं. तेच सागवानी, तुम्ही अम्मीसाठी घरी बनवलेलं, पुढं माझ्याकडं आलेलं. आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही या शहरात, ड्रम भरून ठेवावे लागतात, आणि तरी माझ्या कपाटाला ओल लागली. भिंतीपलीकडं न्हाणीघर आहे, तिथला पाइप आतल्या आत गळत होता. कुबट वास मला कधीपासून यायचा. मी दोन डांबरगोळ्या टाकायची आणि दार लावून घ्यायची. शेवटी खालची फळी कपड्यांसकट खचली तेव्हा कुठं सुताराला बोलावलं.

सुतार पिशोरचा आहे. तोंडाचा फटकळ, पण हात चांगला. त्यानं पाठीवरून बोट फिरवलं आणि काळी बुरशी मला दाखवली. "मावशी, हे कोणी केलं व्हतं? पुढून आरशासारखं पालिश अन् पाठ पार कोरी. तेलाचा एक हात नाय. लई कामचुकार माणूस दिसतोय." मी चहा ओतत होते. ते माझे अब्बा होते, असं म्हणायला काय लागत होतं? मी साखर किती घालू एवढंच विचारलं.

कारण त्या पाठीचं काम माझ्याकडं होतं. ईदचा आदला दिवस, मी दहावीत. कपाट अंगणात उभं आहे, पुढचं पॉलिश तुम्ही स्वतः केलंय. दुकानात निघताना तुम्ही जवसाच्या तेलाचा डबा आणि चिंधी माझ्या हातात देता. "बेटा, पाठीला तेल मार. पाणी पीछे से लगता है, आगे से नाय." संध्याकाळी ते आत घ्यायचं आहे, पाहुणे येणार आहेत. दुपारी शेजारची पोरगी मेंदीचा कोन घेऊन आली. तेलकट हाताला मेंदी रंगत नाही, म्हणून मी आधी मेंदी काढून घेतली. तेल नंतर लावू म्हटलं. नंतर कसलं? तुम्ही आलात तेव्हा मी दोन्ही हात वर धरून दारात उभी, मेंदी अजून ओली. "हुआ क्या?" तुम्ही विचारलंत. "हौ अब्बा, हो गया," मी म्हणाले. तुम्ही माझ्या हातांकडं बघितलंत. "अच्छी है," म्हणालात आणि पाय धुवायला गेलात. झाला विषय. इतक्या वर्षांत मी हीच समजूत धरून बसले होते की माझी थाप पचली.

पण सुतारानं मला परत हाक मारली. पाठीच्या चार कोपऱ्यांना चार लाकडी ठोकळे ठोकलेले होते, दोन बोटं जाडीचे, कपाट भिंतीला टेकू नये म्हणून. "मावशी, अजबच माणूस. यांच्यामुळं मागनं वारं खेळलं, नायतर आख्खं कपाट गेलं असतं. आता खालची फळी बदलली की बास. पण ज्याला एवढं कळतं, त्याला तेल लावायला काय झालं व्हतं?" तो डोकं खाजवत राहिला आणि मी त्याच्यासारखीच बघत राहिले.

रात्रभर नाही, पण दोन दिवस डोक्यात हेच. लासूर स्टेशनला थोरल्या बहिणीला, आपाला, फोन केला. तिच्या लग्नातलं कपाट तुमच्याच हातचं. म्हटलं, टॉर्च लावून मागं बघ, ठोकळे आहेत का. ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? काही नाय इथं, कोळ्याची जाळी हायेत." म्हणजे फक्त माझ्याच कपाटाला. त्या संध्याकाळी हातोड्याचा आवाज आला होता का? आता वाटतं आला होता. पण आपल्या घरात हातोडा वाजत नव्हता असा दिवस तरी कोणता? की तिच्याकडची भिंत कोरडी म्हणून नाही लावलेत? मला काही उमजत नाही.

आणि कळलं होतं तर बोलला का नाहीत? स्टुलाचा एक पाय नीट घासला नाही म्हणून दोन दिवस अबोला धरणारे तुम्ही. मला तुमचा राग येतोय अब्बा, या वयात. ओरडला असता तर त्याच रात्री रडून मोकळी झाले असते.

पाइप दुरुस्त झाला, नवी फळी बसली, बुरशी घासून काढली. तेल मी लावते, असं मीच सुताराला सांगितलं. त्याला चार दिवस झाले. डबा खिडकीत आहे, चिंधी त्याच्यावर. रोज सकाळी कपाटामागं जाऊन उभी राहते आणि परत येते. गुडघे दुखतात म्हणावं तर तसंही नाही. कामचुकार कोण, हेही त्या सुताराला अजून सांगितलेलं नाही. हा कागद तुम्हाला पोचणार नाही. त्या डब्याखालीच ठेवून देईन.

आज पुण्याहून तुमच्या नातवाचा फोन आला होता. "अम्मी, कपाट को तेल लगाया?"

"हौ, हो गया," मी बोलून गेले. त्यानं पुढं काही विचारलं नाही.